होतकरू पिचर : राखावा की द्यावा? बेसबॉल संघांच्या निर्णयप्रक्रियेचे विवेचन

प्रस्तावना :

व्यावसायिक क्रीडासंघांचे व्यवस्थापन हा विषय केवळ शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र व मानसशास्त्र या विद्याशाखांनाही त्यात अभ्यासाची सामग्री सापडते. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर निबंध लिहिला आणि क्रीडा-अर्थशास्त्राचा पाया घातला, असे मानले जाते. त्या निबंधासाठी बेसबॉलची निवड होणे हा योगायोग नव्हता. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवली जाते, खेळाडूंची एका संघातून दुसऱ्या संघात उघडपणे देवाणघेवाण होते आणि त्या देवाणघेवाणीचा निकाल काही वर्षांतच सर्वांसमोर येतो. निर्णयशास्त्राच्या अभ्यासकाला याहून सोयीची प्रयोगशाळा क्वचितच लाभते.

या देवाणघेवाणीतील सर्वांत अवघड प्रश्न होतकरू पिचरविषयीचा आहे. संघाजवळ विशीतला, अद्याप मेजर लीगमध्ये न खेळलेला, परंतु विलक्षण वेगाने चेंडू टाकणारा एक तरुण आहे. दुसरा संघ त्याच्या बदल्यात आज उपयोगी पडेल असा सिद्ध खेळाडू देऊ करतो. तरुणाला राखावे की द्यावे? कोकणातील बागायतदार मोहोर पाहूनच आंब्याची बाग व्यापाऱ्याला करारावर देतो, तेव्हा त्याच्यापुढे जवळपास हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की मोहोराचे फळ चार महिन्यांत दिसते. पिचरच्या बाबतीत पाच-सहा वर्षे थांबावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे घटक स्पष्ट करून न्यूयॉर्क मेट्स या एकाच संघाच्या इतिहासाच्या आधारे त्यांचे विवेचन केले आहे.

पिचरचे वेगळेपण :

क्रिकेट परिचित असलेल्या वाचकासाठी पिचर म्हणजे गोलंदाज, असे म्हणून पुढे जाता येईल; पण येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. वेगवान गोलंदाजाला धावत येण्याचा वेग मिळतो आणि त्याने कोपर सरळ ठेवावे, असा नियम आहे. पिचर उंचवट्यावर जवळजवळ उभ्या जागेवरून, १८.४४ मीटर अंतरावरील फलंदाजाच्या दिशेने, कोपर वाकवून झटक्याने चेंडू फेकतो. या झटक्याचा सर्वाधिक ताण कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर येतो. सुरुवातीचा पिचर साधारणपणे पाच दिवसांतून एकदा खेळतो, कारण त्याहून लवकर त्याचा हात सावरत नाही. १६२ सामन्यांच्या हंगामासाठी संघाला असे किमान पाच पिचर लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक वापरावे लागतात.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध बसविला. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला व १९८९ पर्यंत खेळला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पूर्वी जी दुखापत कारकीर्द संपवीत असे, ती आता सुमारे बारा ते अठरा महिन्यांची सुट्टी ठरते. मात्र याचा दुसरा परिणामही घडला. हात दुरुस्त होऊ शकतो, हे ठाऊक झाल्यावर वेगाचा हव्यास वाढला. मेजर लीगमधील सर्वसाधारण वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी सुमारे ९१ मैल होता. २०२४ पर्यंत तो ९४ मैलांपर्यंत गेला. ज्या गुणामुळे पिचर होतकरू ठरतो, तोच गुण त्याच्या हाताला धोक्यात आणतो. होतकरू फलंदाजाच्या बाबतीत असा अंतर्विरोध सहसा आढळत नाही.

या अनिश्चिततेमुळेच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’च्या विश्लेषकांमध्ये होतकरू पिचर अशी वस्तूच अस्तित्वात नाही, या आशयाचे एक वचन रूढ झाले. वचन अतिशयोक्त आहे, हे ते वापरणाऱ्यांनाही ठाऊक होते. पण २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन संघाने सर्वप्रथम निवडलेला मार्क अपेल हा पिचर २०२२ मध्ये, वयाच्या तिशीत, दुसऱ्याच संघातून प्रथम मेजर लीगमध्ये उतरला आणि याउलट २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडलेला जेकब डीग्रॉम २०१८ व २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला, हे पाहिले की त्या वचनात तथ्य नाही असे म्हणवत नाही. भारतीय वाचकांना रिंकू सिंग व दिनेश पटेल ही नावे आठवतील. उत्तर प्रदेशातील या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स संघाने २००८ मध्ये पिचर म्हणून करारबद्ध केले. त्यांच्यावर चित्रपट निघाला. मेजर लीगपर्यंत मात्र दोघांपैकी कोणीही पोहोचले नाही. हा अपवाद नसून नियम आहे.

कराराचे घड्याळ :

खेळाडूचे मूल्य केवळ त्याच्या कौशल्यावर ठरत नाही. संघाला त्याच्यावर किती काळ व किती वेतनात हक्क सांगता येतो, यावर ते ठरते. मेजर लीगमध्ये प्रवेश केल्यापासून सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू आपल्या संघाशी बांधलेला असतो. त्यांपैकी साधारण पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास मोबदला मिळतो. २०२२ च्या सामूहिक करारानुसार २०२६ साठी हे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढील तीन वर्षांचे वेतन वाटाघाटीने, नाही तर लवादाकडून ठरते. त्यानंतर तो मुक्त होतो व बाजारभाव मागू शकतो. म्हणजे उत्तम तरुण पिचर संघाला सहा वर्षे बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो. होतकरू खेळाडूची खरी किंमत या फरकात आहे.

सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरले जाते. त्यामुळे तयार झालेल्या तरुणालाही हंगामाच्या आरंभी दोन-अडीच आठवडे मायनर लीगमध्ये बसवून ठेवायचे आणि एक वर्षाचा हक्क वाढवून घ्यायचा, ही युक्ती अनेक संघांनी केली. २०२२ च्या करारात तिला काहीसा आळा घालण्यात आला आहे.

दुसरे घड्याळ याहून कमी परिचित आहे. अठरा वा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर, तर त्याहून मोठ्या वयाच्या खेळाडूला चार हंगामांनंतर संघाच्या चाळीस जणांच्या यादीत स्थान द्यावे लागते. अन्यथा ‘नियम पाच’च्या ड्राफ्टमध्ये इतर संघ त्याला उचलू शकतात. यादीत आल्यावर त्याला मायनर लीगमध्ये परत पाठविण्याची मुभा सर्वसाधारणपणे तीन हंगामांपुरती असते. ज्या संघाजवळ एकाच वेळी सात-आठ तरुण पिचर यादीच्या उंबरठ्यावर आलेले असतात, त्याला सगळ्यांना राखणे शक्यच नसते. अशा संघाने जुलैमध्ये एक पिचर दिला, तर बाहेरून ते औदार्य किंवा मूर्खपणा वाटतो. प्रत्यक्षात नोव्हेंबरमध्ये जो फुकट गेला असता, त्याचे काहीतरी मोल पदरात पाडून घेतलेले असते.

गणित व त्याच्या मर्यादा :

निर्णयाचा सांगाडा स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, सारख्याच दर्जाचे दहा होतकरू पिचर आहेत. त्यांपैकी एक अव्वल ठरून सहा वर्षांत संघाला २४ जादा विजय मिळवून देईल, दोन सामान्य दर्जाचे ठरून प्रत्येकी १०, तिघे राखीव पिचर होऊन प्रत्येकी ३ आणि उरलेले चार काहीच देणार नाहीत. एकूण ५३ विजय, म्हणजे प्रत्येकी सरासरी ५.३. परंतु या दहांना क्रमाने उभे केल्यास मधल्याची किंमत केवळ ३ भरते. सरासरी उंचावली आहे ती एका अव्वल पिचरमुळे आणि तो कोणता, हे आज कोणालाच ठाऊक नाही.

हे विजय आज मिळणारे नाहीत. ते सरासरीने पाच वर्षांनी हाती येतील असे धरून दरसाल ८ टक्के वटाव लावला, तर ५.३ विजयांचे आजचे मूल्य सुमारे ३.६ होते. समोरचा संघ देऊ करीत असलेला सिद्ध खेळाडू हंगामाच्या उरलेल्या दोन महिन्यांत २ जादा विजय मिळवून देईल, असे समजू. वरवर पाहता पिचर राखणे श्रेयस्कर दिसते. पण सर्व विजयांची किंमत सारखी नसते. ७० विजयांवरून ७२ वर गेल्याने संघाच्या पदरी काही पडत नाही. ८७ वरून ८९ वर जाण्याने अंतिम फेऱ्यांचे दार उघडू शकते. तेथे एकेका विजयाची किंमत दुप्पट धरली, तर तेच २ विजय ४ च्या बरोबरीचे होतात आणि निर्णय उलटतो. तोच तरुण, तोच प्रस्ताव, पण दोन संघांसाठी दोन भिन्न उत्तरे. या देवाणघेवाणीत दोन्ही पक्ष एकाच वेळी शहाणे असू शकतात, ते यामुळेच.

१९८७ मध्ये दोन्ही लीग मिळून अवघे चार संघ अंतिम फेऱ्यांत जात. २०२२ पासून बारा जातात. दार रुंद झाल्याने अधिक संघांना आशा वाटते, पण त्यांतील अनेकांना प्रथम तीन सामन्यांची जुगारसदृश फेरी खेळावी लागते. त्यामुळे दाराशी पोहोचण्याचे मोल पूर्वीइतके राहिलेले नाही, हेही हिशेबात घ्यावे लागते.

या गणिताची मर्यादा अशी की त्यातील संभाव्यता कोणी सांगायच्या, हा प्रश्न गणित सोडवीत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळणे भाग आहे.

एका संघाचे दप्तर :

न्यूयॉर्क मेट्सने १० डिसेंबर १९७१ रोजी नोलन रायन व आणखी तीन खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्सला देऊन जिम फ्रेगोसीला घेतले. रायन तेव्हा २४ वर्षांचा होता. १९७१ च्या हंगामात त्याने १५२ डावांत १३७ फलंदाज बाद केले खरे, पण ११६ फलंदाजांना चार चुकीचे चेंडू टाकून फुकट पहिल्या तळावर धाडले. मेट्सजवळ पिचर पुष्कळ होते आणि तिसऱ्या तळाची जागा सांभाळणारा खेळाडू नव्हता. फ्रेगोसीने १९७२ मध्ये २३२ ची मामुली फलंदाजी केली व पुढच्याच वर्षी त्याला विकावे लागले. रायनने १९७२ मध्ये ३२९ फलंदाज बाद केले आणि कारकीर्दीअखेर हा आकडा ५,७१४ वर नेला. तो विक्रम आजही अबाधित आहे. या व्यवहारातील चूक रायन देण्यात जितकी होती, तितकीच तो कशाच्या बदल्यात दिला, यात होती. जागा रिकामी आहे म्हणून मिळेल त्या भावाने ती भरणे, हा गरजवंताचा व्यवहार झाला. फ्रेगोसी ज्या जागेसाठी घेतला, ती त्याची मूळची जागाही नव्हती.

मेट्सच्या चाहत्यांच्या मनात हा व्यवहार दोन पिढ्या सलत राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्याला बिल पल्सिफर, जेसन इसरिंगहाउसेन व पॉल विल्सन हे तीन तरुण पिचर संघात तयार झाले, तेव्हा त्यांना ‘जनरेशन के’ असे नाव मिळाले. धावफलकाच्या वहीत ‘के’ हे अक्षर बाद केलेल्या फलंदाजासाठी लिहितात. विल्सन १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेला होता. इसरिंगहाउसेनने १९९५ मध्ये आल्याआल्या ९ सामने जिंकून केवळ २ गमावले. त्यांना राखण्यात आले आणि तिघांचेही हात जायबंदी झाले. पल्सिफर १९९६ चा हंगाम खेळूच शकला नाही. विल्सनने त्या वर्षी १७ पैकी १२ निर्णायक सामने गमावले. १९९८ ते २००० या काळात तिघेही क्रमाने इतर संघांना देण्यात आले आणि मोबदल्यात फारसे काही आले नाही. राखीव पिचर म्हणून नव्याने उभा राहिलेला इसरिंगहाउसेन पुढे ३०० सामने राखून देणारा ठरला, पण त्यातील बहुतेक इतरांसाठी. राखण्याचीही किंमत मोजावी लागते. ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही, एवढेच.

तिसरे प्रकरण मेट्सच्या इतिहासातील सर्वांत कमी समर्थनीय म्हणावे लागेल. ३० जुलै २००४ रोजी संघाने वीस वर्षांचा डावखुरा स्कॉट कॅझमिर टँपा बे डेव्हिल रेजला दिला. मुख्य मोबदला होता व्हिक्टर झाम्ब्रानो, जो २००३ मध्ये फलंदाजांना फुकट तळावर धाडण्यात लीगमध्ये पहिला होता. झाम्ब्रानो त्या हंगामात मेट्ससाठी तीन सामने खेळला आणि कोपराच्या दुखापतीने बसला. मेट्सचा हंगाम ७१ विजय व ९१ पराभवांवर संपला. कॅझमिरने २००७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २३९ फलंदाज बाद केले आणि २००८ मध्ये त्याचा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. केवळ कॅझमिर मोठा झाला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. वर मांडलेल्या हिशेबाने पाहिले, तर तो व्यवहाराच्या दिवशीच चुकीचा होता, कारण मेट्स अंतिम फेऱ्यांच्या दाराशी नव्हतेच. जेथे विजयाची किंमत सर्वांत कमी, तेथे त्यांनी सर्वांत महाग नाणे खर्च केले. टँपा बेने कॅझमिरला ऑगस्ट २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एंजल्सला दिले. दोनच वर्षांत त्याची लय इतकी बिघडली की २०१२ मध्ये तो मेजर लीगच्या बाहेरील संघात खेळत होता. घेणाऱ्या संघाने घेण्याची वेळ साधली आणि देण्याचीही.

याच निकषावर डेट्रॉइट टायगर्सचे बहुचर्चित प्रकरण तपासले, तर वेगळेच चित्र दिसते. १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटने वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जला देऊन छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. स्मोल्ट्झ पुढे १९९६ चा साय यंग पुरस्कार, २१३ विजय व २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममधील स्थान, इथपर्यंत गेला. त्यामुळे हा व्यवहार मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी ९ सामने जिंकले, एकही गमावला नाही. आणि डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला तो अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने. स्मोल्ट्झ त्या वेळी मायनर लीगच्या दुसऱ्या पायरीवर दर नऊ डावांमागे साडेपाचहून अधिक धावा देत होता. अलेक्झांडर लीगच्या अंतिम मालिकेत दोन्ही सामने हरला, दोन वर्षांत निवृत्त झाला आणि डेट्रॉइटचा १९८९ चा हंगाम १०३ पराभवांनी संपला, हेही खरे. तरीसुद्धा निर्णयाच्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर हा व्यवहार असमर्थनीय म्हणता येत नाही. परिणामावरून निर्णयाची परीक्षा करण्याची सवय केवळ क्रीडारसिकांनाच असते असे नाही. विद्यापीठीय समित्यांचे अहवालही तिच्यापासून मुक्त नसतात.

कोणाला अधिक ठाऊक आहे?

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवून दिले की विक्रेत्याला खरेदीदारापेक्षा अधिक माहिती असते, तेव्हा बाजारात सदोष मालाचे प्रमाण वाढते. होतकरू पिचरच्या बाबतीत हा सिद्धांत थेट लागू पडतो. मुलाचे कोपर सकाळी दुखते काय, तो सराव टाळतो काय, नवीन चेंडू शिकण्याची त्याची तयारी आहे काय, हे त्याच्या स्वतःच्या संघाला ठाऊक असते. केनेथ लेन यांनी १९८४ मध्ये मुक्त खेळाडूंच्या बाजाराचा अभ्यास करून नोंदविले की ज्यांना स्वतःच्या संघाने पुन्हा करारबद्ध केले, त्यांच्या तुलनेत संघ बदललेले खेळाडू दुखापतीमुळे अधिक काळ बाहेर राहिले. म्हणून प्रस्ताव फार सहजी मिळाला, तर घेणाऱ्याने सावध व्हावे, असा संकेत आहे.

जुलै २०१६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सने अठरा वर्षांचा अँडरसन एस्पिनोझा हा अत्यंत नावाजलेला पिचर सॅन डिएगो पाड्रेसला देऊन ड्र्यू पॉमरँझला घेतले. नंतर असे निष्पन्न झाले की सॅन डिएगोने पॉमरँझची वैद्यकीय माहिती पूर्णपणे कळविली नव्हती. मेजर लीगने सप्टेंबर २०१६ मध्ये सॅन डिएगोचे महाव्यवस्थापक ए. जे. प्रेलर यांना तीस दिवस बिनवेतन निलंबित केले. माहिती लपविणाऱ्याला शासन झाले. पण पुढचा भाग अधिक बोधक आहे. पॉमरँझने २०१७ मध्ये बोस्टनसाठी १७ सामने जिंकले आणि एस्पिनोझाच्या कोपरावर २०१७ व २०१९ अशा दोन शस्त्रक्रिया झाल्या. सॅन डिएगोसाठी तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ज्याने माहिती दडविली, तोच तोट्यात गेला.

आपल्याकडे असलेल्या वस्तूची किंमत अधिक वाटणे, हा दुसरा अडथळा. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श व रिचर्ड थेलर यांच्या १९९० मधील प्रयोगात ज्यांना कॉफीचा मग दिला होता, ते त्यासाठी इतरांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट किंमत मागत होते. जो मुलगा सोळाव्या वर्षापासून आपल्या प्रशिक्षकांच्या नजरेखाली वाढला, त्याच्याविषयीचे ममत्व मगापेक्षा कमी कसे असेल? म्हणजे संघाला आपल्या पिचरविषयी इतरांहून अधिक माहिती असते आणि इतरांहून अधिक भ्रमही असतो. कोणते पारडे जड आहे, हे ठरविण्याची पद्धत अद्याप कोणाला सापडलेली नाही.

२०१५ : पाच राखले, एक दिला :

२०१५ च्या मेट्सचे उदाहरण या सर्व घटकांचा मेळ कसा बसतो, हे पाहण्यासाठी उपयुक्त आहे. त्या वर्षी संघाजवळ मॅट हार्वी, जेकब डीग्रॉम, नोआ सिंडरगार्ड, स्टीव्हन मॅट्झ व झॅक व्हीलर असे पाच तरुण पिचर होते. हार्वी, डीग्रॉम व मॅट्झ ड्राफ्टमधून आलेले. व्हीलर २०११ मध्ये कार्लोस बेल्ट्रान या ज्येष्ठ फलंदाजाच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून, तर सिंडरगार्ड डिसेंबर २०१२ मध्ये अडतीस वर्षांच्या आर. ए. डिकीला टोरंटोला देऊन मिळालेला. मेट्स तेव्हा मोहोर विकणारे नव्हते, घेणारे होते.

जुलै २०१५ च्या अखेरीस मेट्स आपल्या विभागात वॉशिंग्टनच्या तीन सामने मागे होते आणि त्यांची फलंदाजी दुबळी होती. ३१ जुलै रोजी मुदत संपता संपता त्यांनी मायकेल फुल्मर व लुईस सेसा हे दोन होतकरू पिचर डेट्रॉइटला देऊन योएनिस सेस्पेडेस हा फलंदाज घेतला. सेस्पेडेसने उरलेल्या ५७ सामन्यांत १७ होम रन मारले. संघाने विभाग सात सामन्यांच्या आघाडीने जिंकला, शिकागो कब्जला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज गाठली आणि तेथे कॅन्सस सिटीकडून पराभव पत्करला. फुल्मर २०१६ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. तरीही हा व्यवहार योग्य होता, असेच म्हणावे लागते. विजयाची किंमत त्या घटकेला कमाल होती आणि पाच अधिक तयार पिचर हाती असताना सहावा गेल्याने होणारे नुकसान किमान होते. पुढे मार्च २०१९ मध्ये फुल्मरच्या कोपरावरही शस्त्रक्रिया करावी लागली.

यातून संख्येचे महत्त्व लक्षात येते. एका पिचरवर भरवसा ठेवणे धोक्याचे, पण पिचरांच्या समूहावर ठेवणे तितके धोक्याचे नाही. हार्वी दुसऱ्या दुखापतीनंतर पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. सिंडरगार्डवर २०२० मध्ये शस्त्रक्रिया झाली. डीग्रॉम मात्र युगप्रवर्तक ठरला. पाचांपैकी नेमका तोच पिचर मायनर लीगमध्ये असताना सर्वांत कमी नावाजलेला होता. २०१५ पूर्वी कोणी एखादा पिचर मागितला असता, तर मेट्सने हार्वी राखून डीग्रॉम दिला असता, अशी शक्यता नाकारता येत नाही.

शिकागोने याच काळात उलट मार्ग धरला. ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर फलंदाज निवडायचे आणि पिचर इतरांकडून, थोडे तयार झाल्यावर मिळवायचे. जेक अरिएटा बाल्टिमोरकडून २०१३ मध्ये आला व २०१५ चा साय यंग पुरस्कार जिंकला. काइल हेंड्रिक्स २०१२ मध्ये टेक्सासकडून आला. जॉन लेस्टरला डिसेंबर २०१४ मध्ये सहा वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर मोजले. २०१५ मध्ये मेट्सच्या तरुण हातांनी या फलंदाजांना निष्प्रभ केले. २०१६ मध्ये कब्जने १०८ वर्षांनंतर विजेतेपद मिळविले. जोखीम ज्या वयात सर्वाधिक असते, तो काळ दुसऱ्याच्या खर्चाने जाऊ द्यायचा, हे या धोरणाचे सूत्र होय. मात्र सर्वच संघांनी ते अंगीकारले, तर पिचर घडवायचे कोणी, हा प्रश्न उरतो.

सेस्पेडेसच्या व्यवहाराच्या दोन दिवस आधी मेट्सचा आणखी एक व्यवहार जवळजवळ पक्का झाला होता. झॅक व्हीलर व विल्मर फ्लोरेस यांना मिलवॉकीला देऊन कार्लोस गोमेझ हा फलंदाज घ्यायचा होता. सामना चालू असतानाच बातमी प्रेक्षकांत पसरली आणि मैदानावर उभ्या फ्लोरेसला अश्रू आवरेनासे झाले. गोमेझच्या खुब्याविषयी शंका आल्याने मेट्सने व्यवहार मोडला. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो हंगाम बाहेर बसलेल्या व्हीलरने महाव्यवस्थापक सँडी ऑल्डरसन यांना दूरध्वनी करून आपल्याला याच संघात राहायचे आहे, असे कळविले. त्याला राखण्यात आले. २०१६ चाही हंगाम तो खेळू शकला नाही. २०१८ मध्ये त्याचा हात पूर्ववत झाला आणि २०१९ अखेर त्याची सहा वर्षे भरली. मेट्सने त्याला जाऊ दिले. भरपाई म्हणून ड्राफ्टमधील एक निवड मिळाली. त्याच विभागातील फिलाडेल्फिया फिलीजने त्याला पाच वर्षांसाठी ११.८ कोटी डॉलर दिले. २०२१ व २०२४ मध्ये तो साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम फेऱ्यांतील पहिल्या सामन्यात तो मेट्सविरुद्धच उभा राहिला आणि सात डावांत त्यांना एकच फटका मिळू दिला, धाव एकही नाही. आठव्या डावात त्याच्या जागी दुसरा पिचर आला, तेव्हाच मेट्सला धावा करता आल्या व सामना जिंकता आला.